निकोटिनिक आम्ल आणि वनस्पतिपेशी : मिथाइल की ग्लुकोज?

पेशीत एनएडी (ऊर्जा मिळवण्याच्या क्रियांत लागणारा एक सहायक रेणू) सतत मोडत असते आणि त्यातून सुटणारे निकोटिनिक आम्ल, म्हणजेच ब-३ जीवनसत्त्वाचे एक रूप, बऱ्याच अंशी पुन्हा एनएडी घडवण्याकडे वळते. मात्र ते साचले तर अपायकारक ठरते, म्हणून द्रव माध्यमात वाढवलेल्या वनस्पतिपेशी त्याला दुसऱ्या रेणूची जोड देऊन निरुपद्रवी करतात. सोयाबीनच्या पेशी एस-अ‍ॅडेनोसिल मिथिओनिन या मिथाइल-दात्या रेणूकडून मिथाइल गट (एक कार्बन व तीन हायड्रोजन) घेऊन ट्रायगोनेलिन बनवतात. मेथीदाण्यात आणि कॉफीच्या बीमध्ये असते ते हेच. तंबाखूच्या पेशी मात्र ग्लुकोज जोडतात. दोन्हीकडे जोड होते ती निकोटिनिक आम्लाच्या वलयातील (अणूंच्या कड्यातील) नायट्रोजनवरच, आणि माझ्या मते तुलनेचा खरा गाभा येथेच आहे.

ट्रायगोनेलिन कायमचे अडकून पडते असे समजणे चुकीचे आहे, कारण कॉफीचे बी रुजताना त्यातून निकोटिनिक आम्ल परत मिळते. निकोटिनिक आम्लाचे प्रत्यक्ष विघटन तपासताना, माग काढण्यासाठी रेणूतील कोणता कार्बन किरणोत्सारी केला आहे हे आधी पाहावे : वलयाबाहेर जोडलेल्या कार्बॉक्सिल गटातील कार्बन-१४ (किरणोत्सारी कार्बन) वायुरूपाने बाहेर पडला, तर तेवढ्यावरून वलय फुटले असे म्हणता येत नाही, त्यासाठी वलयातीलच कार्बन चिन्हांकित असावा लागतो.