‘मोफत’ विवरणपत्र भरण्याच्या सेवेचा अनुभव

पगारदारांचे प्राप्तिकर विवरणपत्र मोफत भरता येईल अशी जाहिरात करणारे एक खासगी संकेतस्थळ मी यंदा वापरले. मांडणी सुबोध आहे आणि फॉर्म १६, म्हणजे नोकरी देणाऱ्याकडून मिळणारे पगार व करकपातीचे प्रमाणपत्र, अपलोड करताच पगाराचे आकडे अचूक भरले जातात, हे मान्य करायला हवे. मात्र शेअर विक्रीतला अल्पमुदतीचा किरकोळ नफा नोंदवताच आयटीआर-१ या विवरणपत्राच्या साध्या नमुन्याऐवजी आयटीआर-२ हा अधिक तपशिलाचा नमुना लागला आणि मोफत सेवा तिथेच संपली. तोवर तासभर माहिती भरून झालेली असल्यामुळे माघार घेणे जिवावर येते. प्राप्तिकर विभागाच्या पोर्टलवर हेच विवरणपत्र विनामूल्य भरता येते, ही गोष्ट या संकेतस्थळावर मला कुठेही आढळली नाही.

शुल्कापेक्षा मला गंभीर वाटली ती करप्रणालीची निवड. नवी प्रणाली आपोआप गृहीत धरली जाते, आणि जुन्या प्रणालीत वजावट मिळवून देणारे गृहकर्जाचे व्याज व भविष्य निर्वाह निधीतील गुंतवणूक नोंदवूनही दोन्ही प्रणालींची तुलना मला अखेरच्या पानापर्यंत दिसली नाही. मुदत उलटल्यावर पगारदाराला जुन्या प्रणालीचा पर्यायच उरत नाही, शिवाय कलम २३४एफनुसार ५,००० रुपयांपर्यंत विलंब शुल्क भरावे लागते. मुदत ठेवींचे व्याजही बहुधा फॉर्म १६ मध्ये नसते. ते एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरणाशी आपणच ताडून पाहावे लागते, अन्यथा नोटीस येऊ शकते.

विवरणपत्र सादर केल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी, म्हणजे ते आपणच भरल्याची ऑनलाइन खातरजमा, करायची असते. तिची आठवण मात्र या सेवेने वेळेवर करून दिली.