60 वॅटचं नॉबवालं सोल्डरिंग आयर्न: अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर

आयर्न चांगलं, किट फालतू. घाई असेल तर एवढं वाचून गेलात तरी चालेल. डब्यातलं मुख्य हत्यार दिलेल्या पैशाच्या मानाने भरपूर काम करतं, पण सोबत जी सोल्डरची तार (वितळवून जोड द्यायची धातूची तार), जी सुईसारखी टिप आणि जो वितळलेलं सोल्डर ओढणारा पंप येतो ना, त्यावर कुणी नवशिका शिकायला बसला तर त्याला वाटणार आपल्या हातातच काही नाही आणि आयर्न चार दिवसात माळ्यावर जाणार.

मी राहतो बेळगावच्या वडगावात, शिक्षण कॉमर्सचं, इलेक्ट्रॉनिक्सशी संबंध म्हणजे फ्यूज बांधण्यापुरता. आयर्न घेतलं ते घरच्या 32 इंची जुन्या एलसीडी टीव्हीमुळे. बटण दाबलं की लाल लाइट नुसती लुकलुकायची आणि चित्र काय यायचं नाही, थोडा वेळ तसाच ठेवला की मग आपोआप चालू व्हायचा, हा थोडा वेळ वाढत वाढत गेला आणि एक दिवस टीव्ही चालू व्हायचा बंदच झाला. दुकानात दाखवला तर म्हणाले, "पॉवर बोर्डच बदलायला लागतंय, बोर्ड मिळतोय काय बघू, खरं गॅरंटी देत नाही." आणि आकडा असा सांगितला की त्यात थोडे घातले तर नवीनच येतोय.

तर आधी हा आजार काय ते सांगतो, कारण निम्म्या घरांतल्या जुन्या टीव्ही, मॉनिटर, सेट टॉप बॉक्सला हाच असतो. पॉवर बोर्डवर, म्हणजे आत वीज पुरवणाऱ्या सर्किटवर, जे उभे डबीसारखे कपॅसिटर (वीज साठवणारे पार्ट) असतात, इलेक्ट्रोलिटिक, त्यांच्या आतलं द्रव उष्णतेने वर्षानुवर्षं सुकत जातं. सुकलं की आतला रोध वाढतो, त्याला ईएसआर म्हणतात, मग 5 व्होल्टच्या लाइनवर पुरते 5 व्होल्ट स्थिर मिळत नाहीत आणि आतला प्रोसेसर उठतो, पडतो, परत उठतो, म्हणून ती लाइट लुकलुकते. कपॅसिटर जरा गरम झाला की ईएसआर कमी होतो, म्हणूनच थोड्या वेळाने टीव्ही चालू व्हायचा. झाकण उघडल्यावर तर सरळ दिसलं, 1000 मायक्रोफॅरड 16 व्होल्टवाल्या दोघांचं डोकं फुगून वर आलेलं. डोक्यावर फुलीसारख्या ज्या चिरा असतात त्या याचसाठी, आत दाब वाढला तर तिथून फुटावा म्हणून. मात्र न फुगलेला कपॅसिटर चांगलाच असतो असं नाही, तोही आतून सुकलेला असू शकतो.

आता आयर्नबद्दल. तापायला मिनिट दीड मिनिट लागतं. साधं 25 वॅटचं असतं त्याला चार पाच मिनिटं बसावं लागतं, आमच्याकडं पावसात लाइट येऊन जाऊन असते त्यामुळे मला याचं फार कौतुक. नॉबवरचे तापमानाचे आकडे मात्र अंदाजाचे समजा, त्याला 350 म्हणजे नेमकं 350 नव्हे. मी 320 ते 350 च्या मध्ये ठेवतो आणि मोठ्या तांब्याच्या पट्ट्यावर काम असेल तेव्हाच वर नेतो. नवीन माणूस पहिल्या दिवशी नॉब 450 ला फिरवतो, तार वितळत नाही म्हणून. आयर्न गार नसतं हो, टिप चुकीची असते.

सोबत येणारी टिप सुईसारखी टोकदार, फोटोत छान दिसते. तिचा पार्टच्या पायाशी स्पर्श होतो तो एका ठिपक्यापुरता, उष्णता जाणार कुठून? मी वेगळी चपट्या तोंडाची टिप घेतली, 900एम-टी-2.4डी असा तिचा नंबर, या आयर्नला 900एम मालिकेच्या सगळ्या टिपा बसतात आणि कुठंही मिळतात. ती लावल्यावर त्याच नॉबवर, त्याच आयर्नने, सोल्डर पाण्यासारखं पसरायला लागलं. या अख्ख्या लेखात एकच खरेदी करायची असेल तर ही करा. (खोटं बोललो, दोन करा, दुसरी तारेची, खाली सांगतो.)

टिप काळी पडते ही सगळ्यांची तक्रार दिसते. काळी म्हणजे वर गंज धरला, मग तिला सोल्डर चिकटतच नाही, थेंब घरंगळून पडतो. आमच्या गल्लीत एक मामा आहेत, पूर्वी रेडिओ, टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे, आता दुकान बंद, खरं हात अजून तसाच. मी काळी टिप घेऊन गेलो, म्हटलं कानस देता काय जरा. ते म्हणाले, "कानस ठेव बाजूला. आमच्या टायमाला बिट नुसतं तांब्याचं असायचं रे, झिजलं की कानशीनं घासायचं, परत धार. तुझ्या ह्या टिपंला वरनं लोखंडाचा थर हाय. तो घासलास की आतलं तांबं सोल्डरमध्ये विरघळून टिपंला भोकच पडतंय बघ." मग त्यांनीच रोझिनमध्ये (राळेत) बुडवून, ताजं सोल्डर लावून, पुसून, परत लावून ती टिप चकचकीत करून दिली. तेव्हापासून बंद करण्याआधी टिपेवर सोल्डरचा जाड थर ठेवूनच बंद करतो, आणि पुसायला ओल्या स्पंजाऐवजी पितळी तारेचा गोळा वापरतो. एवढे महिने झाले तीच टिप चालू आहे.

आता तार. किटमधली तार म्हणजे निव्वळ फसवणूक, आत फ्लक्स (गंज काढून सोल्डर पसरवणारा पदार्थ, रोझिन त्यातलंच) आहे की नाही देव जाणे, जोड करडा, खडबडीत आणि वर गोळा होऊन बसलेला. मी गणपत गल्लीकडं जाऊन एका जुन्या दुकानातून 60/40 ची, आत रोझिन असलेली, 0.8 मिलिमीटरची तार आणली. 60 टक्के कथिल, 40 टक्के शिसं, 183 डिग्रीला वितळायला लागते आणि 190 च्या आसपास पूर्ण पाणी होते. तिथंच कपॅसिटर पण विचारले, दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये, माझ्याशी मराठीत आणि फोनवर हिंदीत एकाच वेळी बोलत होता, "105 डिग्रीवाले अदाव री (आहेत हो), किती पायजेत?" 105 च घ्या. 85 वाले जरा स्वस्त मिळतात, पण पॉवर बोर्डच्या आत जी धग असते त्यात ते लवकर जातात, साधा हिशोब असा की 10 डिग्री कमी तापला तर कपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट. व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त चालतं, 16 च्या जागी 25 चालेल, फक्त उंची आणि जाडी मापून जा नाहीतर झाकण बसणार नाही. आणि लो ईएसआर मागा, साधा लावला तर टीव्ही चालू होईल पण कधीपर्यंत ते सांगता येत नाही.

सगळे शिकवतात जोडायला. व्हिडिओ बघा, हिंदीतले, कन्नडमधले, सगळ्यांत तार लावली, चमकदार डोंगर झाला, वाहवा. दुरुस्तीत जोडणं हे शेवटच्या दोन मिनिटांचं काम आहे, खरी कुस्ती जुनं काढण्यात आहे, आणि तिथंच बोर्ड मरतो. 1 जुलै 2006 पासून युरोपात नव्या इलेक्ट्रॉनिक सामानात शिसं वापरायला बंदी आली आणि जगभरच्या कंपन्या बिनशिशाच्या सोल्डरवर गेल्या, त्यामुळे आपल्या घरातल्या त्यानंतरच्या बहुतेक बोर्डांवर तेच असतं. ते 217 डिग्रीच्या पुढं वितळतं आणि मोठ्या पट्ट्यावर असेल तर हलतच नाही. माणूस मग आयर्न दाबून धरतो, दाबून धरतो, आणि खालची तांब्याची गोल पट्टी बोर्डावरून सुटून वर येते. यावर उपाय उलटा वाटेल असा आहे, काढायच्या आधी अजून सोल्डर घाला. जुन्या जोडावर फ्लक्स लावायचा, आपली शिसंवाली ताजी तार वितळवून त्यात मिसळायची, मिश्रण कमी तापमानाला पातळ होतं, मग एक पाय गरम करून कपॅसिटर हळूच एका बाजूला कलता करायचा, मग दुसरा पाय, असं आळीपाळीने करत दातासारखा हलवून काढायचा. राहिलेलं सोल्डर पंपाने ओढायचं. किटमधला पंप दोन आठवड्यात ढिला पडला, आत रबराची रिंग असते तिला जरासं ग्रीस लावलं तर थोडं चालतं, शेवटी मी तांब्याच्या विणलेल्या पट्टीवर आलो, विक म्हणतात तिला, फ्लक्स लावून वापरली तर भोक एकदम स्वच्छ.

सरावासाठी घरच्या टीव्हीवर हात टाकायची गरज नाही. भंगारवाल्याकडून सेट टॉप बॉक्सचे मेलेले बोर्ड आणा आणि त्यावरचे सगळे पार्ट काढा, परत लावा, परत काढा. मी शनिवार रविवार तेच करत बसायचो, आई म्हणायची हे पोरगं आता भंगार घरात भरणार. भाचा इंजिनीअरिंगला आहे, व्हीटीयूचा (इथल्या इंजिनीअरिंग विद्यापीठाचा) शिक्का लागणार त्याला, तो ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता पार्ट खोचायच्या पट्टीवर) सगळं करतो आणि सोल्डरिंग मामाकडून, म्हणजे माझ्याकडून, शिकतो, हे मी घरात मुद्दाम चार लोकांपुढं सांगतो.

जिवाची गोष्ट गंमत न करता सांगतो. पॉवर बोर्डवर एक मोठा कपॅसिटर असतो, 400 किंवा 450 व्होल्ट लिहिलेला. आपली 230 ची लाइट आत डीसी झाली की तिथं सुमारे 325 व्होल्ट साठतात, आणि बोर्ड बिघडलेला असेल तर प्लग काढल्यावरही ते तिथंच थांबलेले असू शकतात, कारण ओढून घेणारं कुणी नसतं. होल्डरला दोन वायरी लावलेला जुना पिवळा बल्ब त्याच्या दोन पायांना लावायचा, साठलेलं असेल तर क्षणभर पेटून विझतो, आणि मग व्होल्ट मोजायच्या मीटरने बघायचं की शून्याजवळ आहे काय. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करणारे व्हिडिओ आहेत, ते करू नका. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करतानाही मामांनी सांगितलेला सिरीज बल्ब लावतो, म्हणजे लाइट 100 वॅटच्या बल्बमधून बोर्डाकडं जाते. बल्ब एकदा चमकून मंद झाला तर ठीक, सगळाच पेटून राहिला तर आत कुठंतरी शॉर्ट आहे, बोर्ड मात्र वाचतो.

टीव्ही चालू झाला. दोन फुगलेले आणि त्यांच्या शेजारचे न फुगलेलेही बदलले, 5 व्होल्टची लाइन 5 वर आली, तेव्हापासून बटण दाबलं की लगेच लागतो. पुढं सोसायटीत नाव झालं, कुणाचा वायफायचा अडॅप्टर, कुणाचा स्पीकर, कुणाचा इन्व्हर्टर. यातल्या बऱ्याच गोष्टींत पार्ट बदलायचाच नव्हता, नुसतं ड्राय सोल्डर होतं, जड पार्टच्या पायाभोवती बारीक गोल चीर, भिंगातून दिसते, बोटाने हलवलं की चालू सोडलं की बंद. फ्लक्स लावून नवीन सोल्डर दिलं की विषय संपला. आमच्या भागात पावसाळ्यात सगळं दमट होतं आणि अडॅप्टरच्या आत झुरळं संसार थाटतात, तेव्हा आधी ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग आयर्न. निम्मे रोग ब्रशनेच बरे होतात.

या आयर्नचे दोष. प्लग दोन पिनांचा आहे, अर्थिंग नाही, कधी कधी हाताला बारीक झिणझिण लागते. टीव्हीच्या पॉवर बोर्डला फरक पडत नाही, पण नाजूक चिप असलेल्या कामाला मी हे वापरत नाही. वायर कडक आहे, हातात धरलं की आयर्न आपल्याला दुसरीकडंच वळवू बघतं. स्टँड पत्र्याचा, हलका, मी खाली फळीला स्क्रूने ठोकून टाकला. बंद करायचं बटण नाही, म्हणून स्विचवाला एक्स्टेंशन बोर्ड घेतला.

धुराबद्दल लोक विचारतात, शिसं नाकात जातं काय. या तापमानाला शिशाची वाफ होत नाही, धूर रोझिनचा असतो, पण तोही छातीला वाईटच, दम्याचा त्रास असेल तर जास्तच, म्हणून बाजूला छोटा फॅन ठेवून धूर तोंडापासून लांब घालवतो. शिसं हाताला लागतं ते पोटात जाऊ शकतं, त्यामुळे काम झालं की साबणाने हात, आणि जेवणाच्या टेबलावर हा उद्योग नाही, बारकी पोरं असतील तर नाहीच नाही.

एक गोष्ट मी घेत नाही, मायक्रोवेव्ह. शेजारच्या काकू घेऊन आल्या होत्या, मी दारातूनच परत पाठवल्या, त्यात 2000 व्होल्टच्या आसपास काम करणारा कपॅसिटर असतो, ते शिकायचं सामान नव्हे. आणि मोबाइलची चिप वगैरे असेल तर त्याला हॉट एअर (गरम हवा फुंकणारं यंत्र) लागतं, ते काम दुकानातच द्या. बाकी हे आयर्न घ्यायचं असेल तर नुसतं आयर्न मिळतंय काय बघा, किट नको, वाचलेल्या पैशात चपटी टिप, 60/40 तार, फ्लक्सची डबी आणि विकची गुंडाळी येते.