एनटीपीडी की क्रोनी: स्विच-राउटरना वेळ कोणाकडून द्यायची?

स्विच, राउटर, फायरवॉल सगळ्यांना वेळ देणारा एक लिनक्स सर्व्हर उभा करायचाय आणि गाडी एनटीपीडी की क्रोनी (एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळं जुळवायची पद्धत, चालवणारे दोन प्रोग्रॅम) इथे अडलीय, तर मी दोन्ही चालवलेत म्हणून सांगतो. लॉग जुळवण्यापुरत्या अचूकतेत मला तरी फरक जाणवला नाही. मायक्रोसेकंद हवे असतील तर पीटीपी (जास्त अचूक वेळेसाठीची दुसरी पद्धत) बघा, ते प्रकरणच वेगळं.

एनटीपीडीला नावं ठेवायची नाहीयेत. जीपीएस रिसीव्हर सिरीयल पोर्टला लावला की थेट वाचतो, क्रोनीला त्यासाठी मध्ये जीपीएसडी हा वेगळा प्रोग्रॅम लागतो. मल्टिकास्ट, म्हणजे एकाच पॅकेटने गटातल्या सगळ्यांना वेळ पाठवणं, तर क्रोनीत नाहीच, त्यामुळे तुमची जुनी डिव्हाइसेस मल्टिकास्टवरच असतील तर विषय संपला.

माझं डोकं फिरलं ते एकाच गोष्टीने. आमचा टाइम सर्व्हर व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) होता, मेंटेनन्सला कुणीतरी तो सस्पेंड केला आणि दोन तासांनी रिझ्यूम केला, घड्याळ तेवढंच मागे. आता एनटीपीडी 1000 सेकंदांच्या वर फरक दिसला की घड्याळाला हातच लावत नाही, लॉगमध्ये एक ओळ टाकतो आणि स्वतःच बंद पडतो. कितीही फरक चालेल असं सांगणारा डॅश-जी पर्याय लावला होता हो, पण ती सूट सुरू होताना एकदाच मिळते! स्विच बिचारे आपापल्या घड्याळावर चालत राहिले, डिव्हाइस चालू आहे का बघणारं पिंग सगळं हिरवं, आणि आम्हाला कळलं तीन आठवड्यांनी, एक लिंक फ्लॅप व्हायला (सारखी बंद-चालू व्हायला) लागली तेव्हा, कारण दोन टोकांच्या लॉगमध्ये चाळीसेक सेकंदांचा फरक, आधी कोण पडलं हेच ठरेना.

क्रोनीच्या कॉन्फिग फाइलमध्ये मेकस्टेप या सेटिंगला 1 आणि -1 दिलं की सेकंदाच्या वर फरक गेला की कधीही उडी मारून घड्याळ जागेवर आणतो. त्याच मशीनवर डेटाबेस असेल तर अशी उडी महागात पडू शकते, माझ्याकडे नुसता टाइम सर्व्हर आहे म्हणून चालतं. त्यानंतरही दोनदा सस्पेंड झालाय, दोन्ही वेळा मला कुणी फोन केला नाही.

तुमचं नेटवर्क वेगळं असेल, पण व्हीएमवर असाल तर मी क्रोनीच टाकेन. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 8 पासून एनटीपीडीचं पॅकेज तसंही काढलंय. फक्त एक, क्रोनी बाय डिफॉल्ट कुणालाच वेळ देत नाही, कॉन्फिग फाइलमध्ये अलाउच्या ओळीत सबनेट (तुमच्या डिव्हाइसेसच्या पत्त्यांचा गट) लिहावा लागतो. मी ते विसरून स्विचवर रीच शून्य (म्हणजे सर्व्हरकडून उत्तरच नाही) बघत तासभर फायरवॉलमध्ये एनटीपीचा पोर्ट 123 शोधत बसलो होतो.