सिल्की कोंबडा आणि गावरानी तलंग: नागपूरच्या उन्हात चौदा महिन्यांचा अनुभव

हुडकेश्वरच्या पुढे आमचं घर, मागं छोटंसं अंगण, एक कडुनिंब, एक सीताफळ, बाकी सगळी काळी माती. आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात इथं बँटम, म्हणजे बुटक्या अंगाच्या जातींच्या कोंबड्या, आणल्या, आता एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा काढून झाला म्हणून लिहून राहिली, कारण जो तो मला हेच विचारते की ताई कोणती जात कोणत्या जातीशी लावायची, आणि फोटो पाहून ते ठरवता येत नाही हे मला पक्षी गमावून कळलं.

सुरुवातीला आणले ते असे: सिल्की (रेशमी पिसांची, काळ्या कातडीची, पाच बोटांची जात) एक कोंबडा दोन कोंबड्या, कोचिन बँटमची जोडी, जपानी बँटमची जोडी, आणि उमरेडकडून तीन बारक्या अंगाच्या गावरानी तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, पिवळ्या पायांच्या. या तिघी फक्त पिल्लं वाढवायच्या कामी येतील असं वाटलं होतं, आज सगळं त्यांच्यावरच उभं आहे.

कोचिनचं पटकन सांगते. दिसायला लोकरीचा गोळा, स्वभाव इतका गरीब की माझी पोरगी मांडीवर घेऊन बसायची. पण पायाला बोटांपर्यंत पिसं, आणि आपली काळी माती जुलैत कशी चिकटते माहीत आहे न, दोन दिवसात पायाला मातीचे गोळे, मग ओल, मग पायाच्या खवल्यात किडे झाले आणि रोज संध्याकाळी पाय धुऊन पुसून खोबरेल तेल लावत बसावं लागलं. कोंबडी तर त्याआधीच मे महिन्यात दुपारी गेली, पाणी समोर होतं, सावली होती, तरी गेली. इतकं पीस अंगावर घेऊन ४५ डिग्रीत जगायचं म्हणजे कठीणच, आणि या गावानं २०१३ मध्ये ४७.९ पाहिलं आहे. मला त्या कोंबडीचं अजून वाईट वाटते. सिमेंटचा ओटा, कूलर असं काही असेल तरच कोचिनच्या मागं लागा.

जपानी बँटमची गोष्ट वेगळी. त्यांचे पाय एकदम आखूड, शेपूट डोक्याला टेकेल इतकी उभी, भल्ली सुंदर जात. पहिल्या खेपेला बारा अंड्यांतून सातच निघाली, त्यातली दोन लांब पायांची. मला वाटलं माझंच काही चुकलं, अंडी नीट फिरवली नाहीत. नंतर समजलं की आखूड पायाचा जीन एका बाजूनं आला तर पाय आखूड होते, दोन्ही बाजूंनी आला तर पिल्लू अंड्यातच मरते, म्हणून आखूड पायाचा कोंबडा आणि आखूड पायाचीच कोंबडी लावली की सरासरी चौथा हिस्सा अंड्यातच जातो. जोडीतला एक लांब पायांचा घेतला की हा तोटा होत नाही, निम्मी पिल्लं आखूड निघतात. ही गोष्ट विकणाऱ्यानं सांगायला पाहिजे होती, नाही सांगितली. शिवाय पावसात त्यांचे पंख चिखलात घासतात, म्हणून मी ती लाईन बंद केली.

आता खरं सांगायचं ते सिल्कीबद्दल. सिल्की खुडूक बसायला कोणाला ऐकत नाही, तिच्याखाली काहीही ठेवा, बदकाचंही अंडं उबवते. पण तिच्या पिसाचे धागे एकमेकांत अडकवणारे बारीक हूक नसतात म्हणून पाणी ओघळून जात नाही, ती चिंब भिजते आणि मग थरथरत बसते, आणि मे मध्ये खुडूक बसली तर उन्हातही अंड्यांवरून उठत नाही, मला दिवसातून दोनदा उचलून पाण्यापाशी न्यावी लागे. म्हणून विचार केला की सिल्कीची माया आणि गावरानीचं अंग एका ठिकाणी आणता येते का.

डिसेंबरात सिल्की कोंबडा गावरानी तलंगांवर सोडला. त्याआधी एक चूक केली होती ती तुम्ही करू नका, बाकीचे कोंबडे काढल्याबरोबर अंडी गोळा करायला लागली, आणि कोंबडा काढल्यावरही कोंबडी दोन आठवडे, कधी तीनही, त्याचीच फळलेली अंडी देत राहते, त्यामुळं पहिली पिल्लं कोणाची तेच कळेना. तीन आठवडे थांबायचं, मगच अंडी धरायची. ती अंडी सिल्कीखालीच ठेवली, अकरातून नऊ निघाली, विसाव्या दिवशी.

सगळ्यांना साधीच पिसं, कारण सिल्कीचं पीस पहिल्या पिढीत दबून राहते, पण पायाला पाचवं बोट मात्र उतरलं. आणि मजेची गोष्ट ही की नऊपैकी पाच पिल्लांची कातडी काळपट, चारांची फिकी. दहा आठवड्यांनी पाहते तर पाचही काळ्या मादी आणि चारही फिके नर! याचं कारण जुनं आहे, बारावीच्या बायोलॉजीतला पनेट स्क्वेअर ज्याच्या नावाचा आहे त्या पनेट आणि त्याचा जोडीदार शास्त्रज्ञ बेटसन यांनी १९११ मध्येच सिल्कीच्या क्रॉसवर हे लिहून ठेवलं. काळा रंग दाबणारा जीन मादी फक्त आपल्या मुलग्यांना देते, म्हणून गावरानी आईचे मुलगे फिके, मुली काळ्या. मात्र तलंगेचे पाय पिवळे किंवा पांढरे पाहिजेत, काळपट पायांची घेतली तर हे जमणार नाही. आणि उलटं लावलं, म्हणजे गावरानी कोंबडा आणि सिल्की कोंबडी, तर नर-मादी दोन्ही फिके, ओळखू येत नाही. अंगणात जागा कमी असली की आठ दिवसात नर कळणं केवढं मोठं काम आहे, कारण बँटम कोंबडा पहाटे चारला किती चिरक्या आवाजात आरवते ते शेजारच्या काकूंना विचारा, मला त्यांच्याकडं दोनदा अंडी घेऊन जावं लागलं.

या पाच काळ्या पोरींनी आपला पहिला मे महिना काढला, एकही गेली नाही. दुपारी बारदाना ओला करून जाळीवर टाकायची, दाणा सकाळी सहाच्या आत आणि संध्याकाळी, पाणी माठातलं, बस. जुलैत अंड्यावर आल्या, अंडं चाळीस ग्रॅमच्या आसपास, वजनकाट्यावर पाहिलं. सप्टेंबरात त्यातली एक खुडूक बसली, ऑक्टोबरच्या गरमीतही स्वतःहून उठून खाऊन पिऊन परत जायची, दहा अंड्यांवर आठ पिल्लं काढली, मला हात लावावा लागला नाही. सिल्कीइतक्या वेळा मात्र बसत नाही, पाचातल्या दोन तर अजून बसल्याच नाहीत, तेही सांगून ठेवते.

लसीचं: सातव्या दिवशी लासोटा, आठ आठवड्यांनी आर-टू-बी, दोन्ही राणीखेत रोगाच्या लसी. कुपी शंभर डोसांची येते आणि एकदा कालवली की काही तासातच संपवावी लागते, म्हणून आम्ही गल्लीतली तीन घरं मिळून एकाच सकाळी सगळ्यांची पिल्लं आणतो.

भाऊ-बहीण लावायचे नाहीत म्हणून फिके नर देऊन टाकले आणि दुसऱ्या ठिकाणाहून वेगळ्या रक्ताचा सिल्की आणला. पाच बोटांच्या काळ्या पोरी त्याच्यासोबत आहेत, यातून सरासरी निम्म्या पिल्लांना रेशमी पीस यायला पाहिजे. मला ते नकोच आहे, मी साध्या पिसाचेच ठेवणार, रेशमी ज्यांना हवे त्यांनी घेऊन जावे. अकरा अंडी खाली आहेत, परवा रात्री टॉर्च लावून पाहिली, आठात शिरा दिसल्या, म्हणजे आत पिल्लू धरलं आहे.