फॉरमॅट मारायचा की क्लोन करायचा?

हार्डडिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे तिच्याहून कितीतरी वेगवान डिस्क, घ्यावी का, हा प्रश्न आता उरलेला नाही. हार्डडिस्कवर विंडोज १० चालवणारा माणूस सकाळी बटण दाबतो, टपरीवर जाऊन चहा पितो, परत येतो, तरी पडद्यावर गोल फिरतंच असतं. माझ्या जुन्या पीसीला मी ‘शकुंतला’ म्हणायचो. मुर्तिजापूरहून दारव्ह्यावरून यवतमाळला येणारी ती छोटी गाडी ज्यांनी पाहिली, त्यांना गती समजावून सांगायला नको. खरा घोळ एसएसडी हातात आल्यावर सुरू होतो. जुनं विंडोज आहे तसं उचलून तिच्यावर ठेवायचं, म्हणजे क्लोन करायचं, की फॉरमॅट मारून नव्यानं टाकायचं?

माझ्या सेवा केंद्रात दोन पीसी. दोन्हींचं वय एक, दोन्हींत ५०० जीबीची हार्डडिस्क. एकावर फॉरमॅट मारला, दुसरा, म्हणजे शकुंतला, क्लोन केला. त्यामुळे खाली लिहितोय ते दोन मशीनचं बोलणं आहे, तुमचं तिसरं मशीन वेगळं वागूही शकतं.

फॉरमॅटवाल्याचं कौतुक आधी. पेन ड्राइव्ह तयार असेल तर विंडोज अर्ध्या तासात बसतं. हा ‘तयार असेल तर’ मात्र आपल्याकडे मोठा आहे. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो आणि विंडोजची फाइल मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवायची म्हणजे दिवसाचा डेटा नाश्त्यालाच संपतो. मी यवतमाळला कामानिमित्त गेलो होतो, तेव्हा ओळखीच्याकडे बसून तो करून आणला. परवान्याची भीती नको. विंडोजचा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेला असतो. नुसती डिस्क बदलली तर नेट लागल्यावर विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट होतं, माझं झालं. शिवाय चार-पाच वर्षांचा साचलेला कचरा जातो. मशीन पहिल्या दिवशी असं पळतं की वाटतं, नवीनच आणलं.

मग गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, भाऊ, अंगठा घ्या.

अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर, आधारसाठी त्याच्यासोबत लागणारी आरडी सर्व्हिस, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, प्रिंटर, स्कॅनर, सगळं पुन्हा. यात एक दिवस गेला, पण हे सगळं मिळतं तरी. जे मिळालं नाही, त्यानं माझा निकाल लावला.

आमच्याकडे अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करायला एक ताई येतात. मराठी ३०ची परीक्षा त्या लोखंडी टाइपरायटरवर पास झाल्या, त्यामुळे बोटांना रेमिंग्टन, म्हणजे टाइपरायटरवरची अक्षरांची मांडणीच माहीत. विंडोजमध्ये मराठीचा कीबोर्ड असतो, पण तो इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक, मांडणीच वेगळी. रेमिंग्टन आमच्याकडे एका जुन्या फॉन्ट पॅकेजमध्ये होतं, कधी काळी सीडीवर घेतलेलं. सीडीवर ओरखडे, पासवर्डची चिठ्ठी कुठल्या वहीत गेली माहीत नाही, आणि ज्याच्याकडून घेतलं त्या दुकानात आता मोबाइलचे कव्हर मिळतात. फॉन्टच्या फाइली जुन्या डिस्कवरून उचलून आणल्या, तर जुने मसुदे निदान वाचता येऊ लागले. त्याआधी अक्षरांच्या जागी चिन्हांची खिचडी दिसत होती. पण टाइप करणारा प्रोग्राम फाइली उचलून येत नाही, त्याला रीतसर बसवावंच लागतं. ताईंनी इनस्क्रिप्टवर दोन ओळी टाइप करायचा प्रयत्न केला. ‘ज्ञ’ शोधण्यात पाच मिनिटं गेली. म्हणाल्या, “काहून बिघडवलं बाप्पा चांगलं चालणारं?” आणि दुसऱ्या पीसीवर जाऊन बसल्या. तेव्हापासून नव्या कोऱ्या, पळणाऱ्या मशीनवर मी बसतो आणि शकुंतलेवर त्या, अशी उलटी व्यवस्था झाली.

रेमिंग्टनचे दुसरे मार्ग आहेत, फुकटचेही. पण ते बहुतेक युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या मराठी अक्षरांच्या वाटेनं जातात आणि आमच्याकडचे कित्येक वर्षांचे मसुदे जुन्या फॉन्टमध्ये. ज्याचं सगळं काम आधीपासून युनिकोडमध्ये आहे, त्याला हा त्रास होणारच नाही. त्यानं हे तीन परिच्छेद माझं रडगाणं समजून सोडावेत.

म्हणून दुसऱ्या पीसीला क्लोन.

क्लोनचा त्रास आधीचा असतो, नंतरचा नाही. पहिली गोष्ट, जुन्या डिस्कची तब्येत बघणे. क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्क तपासणारं सॉफ्टवेअर टाकलं की निळं (ठीक) दिसतं की पिवळं (सावध), ते कळतं. पिवळं असेल आणि खाली पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे तुकडे, दिसत असतील, तर क्लोन अर्ध्यात अडकण्याची शक्यता खूप. शिवाय मरणाऱ्या डिस्कला टोकापासून टोकापर्यंत वाचायला लावणं म्हणजे आजाऱ्याला पंढरीची वारी करायला लावणं. तिथं आधी डी ड्राइव्हमधला डेटा काढावा आणि फॉरमॅटच मारावा, वाद नको.

दुसरं म्हणजे आकार. ५०० जीबीवरून २५६ जीबीवर जायचं, तर क्लोनझिलासारखं साधन सरळ नकार देतं, लक्ष्य डिस्क निदान तेवढीच हवी म्हणतं. फक्त भरलेली जागा उचलणारं साधन वापरावं, नाहीतर आधी पार्टिशन आवळून घ्यावं. मी डी ड्राइव्ह मुळात उचललाच नाही, फक्त सी आणि त्याच्या बाजूची बूटची छोटी पार्टिशनं घेतली.

आणि लाइन. यूएसबीवरून क्लोन व्हायला माझ्याकडे अडीच तास लागले. पहिल्या वेळी दीड तास झाला आणि लाइन गेली. यूपीएसनं दहा मिनिटं शिट्टी मारली आणि तोही झोपला. पण यात एक दिलासा आहे. क्लोन करताना जुनी डिस्क फक्त वाचली जाते, तिच्यावर काही लिहिलं जात नाही. वाया गेला तो वेळ, डेटा नाही. दुसऱ्या वेळी रात्री अकराला लावला आणि तिथंच खाट टाकली. जुलैत पीक विम्याच्या गर्दीत यातलं काहीच करू नका, ना हे ना ते.

क्लोन झाल्यावर जुनी डिस्क काढूनच मशीन सुरू करावं. दोन्ही लावून ठेवल्या तर बरेचदा जुन्या डिस्कवरूनच सुरू होतं आणि माणूस म्हणतो, एसएसडीनं काही फरक पडला नाही. माझ्या मेव्हण्याचं असंच झालं, आठ दिवस तो दुकानदाराला बोल लावत होता.

फॉन्ट पॅकेज चाललं, काही न विचारता. क्लोनमध्ये पार्टिशनचा व्हॉल्यूम नंबरही तसाच येतो, त्यामुळे असेल. काही सॉफ्टवेअरं डिस्कच्या स्वतःच्या सिरीयल नंबरला कुलूप लावतात, ती क्लोननंतरही रुसू शकतात. आमचं तसलं नव्हतं, हे नशीब.

वेगाचं म्हणाल तर फॉरमॅटवालं मशीन कणभर चपळ वाटतं. घड्याळ लावून मोजलं नाही. पण चहा आणायला जाणं दोन्हीकडे बंद झालं.

फॉरमॅटच्या बाजूनं एक वजनदार मुद्दा मात्र आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. क्लोन केलं की तेच १० सोबत येतं आणि डिस्कच्या पार्टिशनची जुनी एमबीआर रचना असेल तर तीही. मशीन ११ च्या लायकीचं असेल, तर नव्यानं ११ टाकणं सरळ पडतं. माझे दोन्ही पीसी त्या लायकीचे नाहीत. कॉलेजच्या पोराचा लॅपटॉप असता तर मीही पेन ड्राइव्हच काढला असता. ज्या मशीनवर दुसऱ्याची बोटं चालतात, तिथं मात्र माझा हात क्लोनकडे जातो.

जुनी डिस्क प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात आहे. महिनाभर तरी पुसणार नाही.

ताईंना मी काही सांगितलं नव्हतं. सकाळी आल्या, बसल्या, दोन अर्ज टाइप केले. मग मीटरकडे बघत म्हणाल्या, “आज लाइन फुल दिसते भाऊ, कम्प्युटर लय पयते.”