अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना : इंदूरच्या एका शिलाई कामगार महिलेचा अनुभव

पीथमपूरच्या एका निर्यातदार कपडे कारखान्यात मी अकरा वर्षे चेकिंग टेबलावर काम केले. आमचा बहुतेक माल अमेरिकेला जात असे. २७ ऑगस्ट २०२५ पासून तिथे कपड्यांसह बऱ्याच भारतीय मालावर एकूण ५० टक्के वाढीव शुल्क लागू झाले, ऑर्डरी आटल्या, आणि नोव्हेंबरमध्ये आमच्या दोन लाइनी बंद करून आम्हाला घरी पाठवण्यात आले. त्यानंतर मी कर्मचारी राज्य विमा निगमाच्या, म्हणजे आपण बोलताना ज्याला ईएसआय म्हणतो त्याच्या, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून बेरोजगारी मदतीसाठी अर्ज केला. माझ्यासारख्या इतरांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

ही योजना १ जुलै २०१८ रोजी सुरू झाली. आरंभी सरासरी मजुरीच्या २५ टक्के रक्कम मिळत असे. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, ती ५० टक्के करण्यात आली आणि नोकरी गेल्यानंतर ९० दिवस थांबण्याची अट ३० दिवसांवर आली. मदत जास्तीत जास्त ९० दिवसांची असते आणि ती आयुष्यात एकदाच घेता येते. हिशेबाची रीत मात्र आधीच समजून घ्यावी, कारण निम्मी रक्कम शेवटच्या पगाराची नसते. मागील चार अंशदान कालावधींतील (विम्याची वर्गणी मोजण्याच्या सहामाहींतील), म्हणजे दोन वर्षांतील, एकूण मजुरीला ७३० ने भागून जी रोजची सरासरी निघते, तिच्या निम्मी रक्कम मिळते. माझी सरासरी महिन्याला १४,००० रुपयांच्या आसपास होती, त्यामुळे ९० दिवसांचे मिळून सुमारे २०,७०० रुपये झाले.

अर्ज पोर्टलवर भरता येतो. आधार आणि बँकेच्या पासबुकाची प्रत जोडावी लागते. शाखा कार्यालयातील कर्मचाऱ्यांनी माझे म्हणणे नीट ऐकून घेतले, आणि अठराव्या दिवशी पैसे थेट खात्यात आले. आमच्या परदेशीपुऱ्यातील वडीलधाऱ्यांना १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडलेली हुकुमचंद मिल आठवते. तिथल्या कामगारांच्या थकीत देण्यांची सुमारे २२४ कोटी रुपयांची रक्कम सुपूर्द व्हायला डिसेंबर २०२३ उजाडला. ज्या मोहल्ल्याने बत्तीस वर्षे वाट पाहिली, तिथे अठरा दिवस ही फार मोठी गोष्ट आहे, आणि त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे.

माझी अडचण कारखान्यातच झाली. हिशेब देताना आम्हा सर्वांपुढे छापील राजीनामे ठेवण्यात आले आणि सही केल्यावरच धनादेश मिळेल असे सांगण्यात आले. मी सही केली नाही, काम नसल्यामुळे कमी करत आहोत असे पत्र मागितले आणि ते मिळायला तीन आठवडे गेले. ज्यांनी सही केली त्यांच्या कागदावर काम स्वेच्छेने सोडल्याची नोंद झाली. निगमाचीच राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना २००५ पासून आहे आणि तिच्यात कारखाना बंद पडल्यास किंवा कामगार कपात झाल्यास २४ महिन्यांपर्यंत भत्ता मिळू शकतो. मात्र राजीनामा दिलेल्यांना तिचा लाभ मिळत नाही. म्हणून घरी कितीही नड असली तरी राजीनाम्यावर सही करू नका, आणि कपातीचे पत्र घेतल्याशिवाय फाटकाबाहेर पडू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अटल योजनेत नोकरी का गेली हे खोदून विचारत नाहीत. गैरवर्तन, सेवानिवृत्ती किंवा स्वेच्छानिवृत्ती हे कारण नसले की पुरे. यामुळे अर्ज सोपा होतो. परंतु कारण न विचारल्यामुळेच पुढचा विचारही होत नाही, असे मला वाटते. अमेरिकेत १९६२ च्या व्यापार कायद्यापासून परदेशी व्यापारामुळे काम गमावलेल्यांसाठी स्वतंत्र मदत होती. तीन कामगार मिळून श्रम खात्याकडे अर्ज करू शकत, आणि व्यापारामुळेच नोकरी गेली असे ठरले की भत्त्यासोबत नव्या कामाचे प्रशिक्षण आणि दुसऱ्या गावी जाण्याचा खर्च मिळत असे. तिथेही १ जुलै २०२२ पासून नवे दावे मंजूर होणे थांबले आहे. आपल्याकडे स्वस्त परदेशी मालाविरुद्ध कारखानदार केंद्राच्या व्यापार उपाय महासंचालनालयाकडे दाद मागू शकतो आणि त्या मालावर शुल्क बसू शकते. कामगारांसाठी १९८६ साली कापड गिरण्यांपुरती पुनर्वसन निधी योजना आली होती. तिच्यात पहिल्या वर्षी मजुरीच्या ७५, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के रक्कम मिळत असे. २०१७ मध्ये तीही राजीव गांधी योजनेत विलीन झाली.

माझे ९० दिवस फेब्रुवारीत संपले. सध्या मी घराजवळच्या एका लहान शिलाई कारखान्यात जाते, जिथे महिन्याला आधीपेक्षा साडेतीन हजार रुपये कमी मिळतात. अमेरिकेच्या त्या योजनेत पन्नाशी ओलांडलेल्या कामगाराने कमी पगाराचे काम पत्करले, तर पगारातील फरकाची निम्मी रक्कम त्याला दोन वर्षांपर्यंत, एका मर्यादेत, मिळत असे. मी बावन्न वर्षांची आहे. ही एक तरतूद आपल्या निगमाने स्वीकारावी, असे मी शाखेच्या सूचना वहीत लिहून आले आहे.