वॉकीटॉकी: बांधकाम, गोदाम, शीतगृह, हॉटेल आणि केमिकल प्लांटवर काही महिने वापरल्यावर

सुरक्षा आणि देखभालीचं काम आम्ही पाच अगदी वेगळ्या जागी सांभाळतो: एका उंच इमारतीचं बांधकाम, एक मोठं गोदाम, त्याला लागून शीतगृह, एक हॉटेल आणि ज्वलनशील द्रवांच्या टाक्या असलेला केमिकल प्लांट. सगळीकडचे जुने सेट एकदमच बदलायची वेळ आली, तेव्हा खरेदी विभागाचं म्हणणं होतं की सगळीकडे एकच मॉडेल घ्या, बॅटऱ्या आणि चार्जर एकमेकांत चालतील. ऐकायला हे बरं वाटतं. पण बोललेलं पहिल्या झटक्यात समोरच्याला का ऐकू येत नाही, याचं कारण प्रत्येक जागेत निराळं असतं. कुठे काँक्रीट आड येतं, कुठे मशीनचा आवाज, कुठे बॅटरी गारठते, तर कुठे मोठ्याने बोलायचीच सोय नसते. सेट त्या कारणावरून निवडायला हवा, हे इतक्या महिन्यांच्या वापरानंतर मी छातीठोकपणे सांगते.

आधी रेंजचं बघू, कारण विकणारा सुरुवात तिथूनच करतो. खोक्यावर छापलेले किलोमीटर मध्ये काहीही आड नसतानाचे, बहुतेकदा उंचावरून मोजलेले असतात. सपाट जमिनीवर दीड मीटर उंचीवर धरलेल्या सेटचं रेडिओ-क्षितिज जेमतेम ५ किलोमीटरवर असतं. म्हणजे दोन माणसं उघड्या मैदानात उभी राहिली, तरी १० किलोमीटरच्या पुढे पृथ्वीचा गोलावाच आड येतो. झाडं, भिंती, वाहनं धरली की आकडा झपाट्याने घसरतो. वॅट वाढवून फारसं साधत नाही: २ ऐवजी ४ वॅट केले तर सिग्नलमध्ये ३ डेसिबलची भर पडते, ती बोलणाऱ्याला क्वचितच जाणवते, बॅटरी मात्र लवकर उतरते. अँटेना उंच नेल्यावर जो फरक पडतो त्याची सर वॅटला नाही. मोठ्या जागेत पैसा रिपीटरवर, म्हणजे एका सेटचा सिग्नल घेऊन तो पुढे जोरात पाठवणाऱ्या यंत्रावर, आणि त्याच्या अँटेनाच्या उंचीवर घालावा.

व्हीएचएफ (कमी फ्रिक्वेन्सीचा पट्टा) की यूएचएफ (जास्त फ्रिक्वेन्सीचा), हा प्रश्न आमच्यापुरता सोपा होता. १५० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी २ मीटर, ४५० मेगाहर्ट्झची साधारण ६७ सेंटिमीटर. आखूड लहर दारं, खिडक्या, जिने, डक्ट यांतून वाट काढते, म्हणून इमारतींत यूएचएफ. मोकळं शिवार, जंगल किंवा समुद्र असेल तर व्हीएचएफ घ्यावा. फ्रिक्वेन्सीच्या परवान्याचं काम मात्र खरेदीआधी उरकावं. कोणता पट्टा मिळतो त्यावर मॉडेल ठरतं, आणि सेट त्याच्या पट्ट्याबाहेर चालवता येत नाही.

बांधकामावर सगळ्यात जोखमीचं काम क्रेनचं. टॉवर क्रेनच्या ऑपरेटरला भार दिसत नसतो, तेव्हा खालचा सिग्नलमन सांगेल तेच त्याला दिसतं. म्हणून भार हलत असेपर्यंत सिग्नलमन बोलतच राहतो: "खाली, खाली, खाली, सावकाश, दोन मीटर, एक मीटर, थांब." शब्द तुटले की क्रेन थांबवायची, कारण काहीही असो. ही पद्धत सेटकडून काय मागते ते नीट बघा. रिपीटरमधून जाणाऱ्या डिजिटल, म्हणजे आवाजाचे आकडे करून पाठवलेल्या कॉलला बटण दाबल्यापासून आवाज निघेपर्यंत क्षणभर लागतो आणि घाई केली तर पहिलं अक्षर गिळलं जातं. इथे ते परवडत नाही. म्हणून क्रेनला स्वतंत्र फ्रिक्वेन्सी दिली, सेट ते सेट थेट, मध्ये रिपीटर नाही, आणि त्या चॅनेलवर तिसरं कोणी नाही.

त्यातही एक पेच निघाला. चुकून बटण दाबलेलं राहिलं तर चॅनेल अडकू नये म्हणून सेटमध्ये सलग बोलण्याची मर्यादा घातलेली असते, बहुधा ६० सेकंदांची. रोजच्या वापरात ती हवीच. पण लांबच्या उचलीत सिग्नलमनचं बोलणं मध्येच तुटायचं, क्रेन थांबायची आणि भार हवेत झुलत राहायचा. आता फक्त त्या चॅनेलची मर्यादा वाढवून घेतली आहे. शिवाय बटण दाबलेलं असताना सिग्नलमनला दुसऱ्या कोणाचं ऐकू येत नाही. त्यामुळे टप्प्याटप्प्यावर बटण सोडून ऑपरेटरला बोलायची जागा द्यायची, हे शिकवावं लागलं. कुठल्याही मॉडेलच्या माहितीपत्रकात हे सापडणार नाही, प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला आपणच सांगायचं असतं.

बांधकामावरचा दुसरा शत्रू म्हणजे सिमेंट. आयपी६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटं सेट टिकतो. पण माइकच्या जाळीवर सिमेंटचं पाणी वाळलं की आवाज गोणपाटातून आल्यासारखा येतो. शिफ्ट संपल्यावर ओल्या फडक्याने जाळी पुसायची आणि हेडसेट जोडायच्या भोकावरचं झाकण घट्ट लावायचं. ते उघडं राहिलं तर त्या आयपी रेटिंगला काही अर्थ उरत नाही. आणि विजेवर चालणारे डिटोनेटर वापरून सुरुंग लावत असतील, तर ठरवून दिलेल्या अंतरात सेट पूर्ण बंद. याला अपवाद नाही.

गोदामात डिजिटलने मन जिंकलं. डीएमआर या डिजिटल पद्धतीत १२.५ किलोहर्ट्झचा एक चॅनेल ३० मिलिसेकंदांच्या दोन आळीपाळीच्या तुकड्यांत वाटलेला असतो, त्यामुळे एकाच रिपीटरवर दोन संभाषणं एकमेकांना न अडवता चालतात. आम्ही एकात माल चढवणं-उतरवणं ठेवलं, दुसऱ्यात सुरक्षा. गेटवरच्या माणसाला आता ट्रकचा नंबर सांगायला कोणाचं बोलणं संपायची वाट पाहावी लागत नाही. फोर्कलिफ्टच्या रिव्हर्स अलार्ममध्येही आवाज बऱ्यापैकी स्वच्छ येतो, मात्र माइक तोंडापासून चार बोटांवर हवा. खांद्यावर अडकवून ओरडलं तर डिजिटल सेट त्या अलार्मलाच बोलणं समजतो आणि पलीकडे नुसती खरखर पोचते.

डिजिटलचा एक धोका टीमला आधीच समजावून ठेवा. अ‍ॅनालॉगमध्ये म्हणजे आवाजाची लहर आकडे न करता पाठवणाऱ्या जुन्या पद्धतीत रेंज संपत आली की फसफस वाढत जाते, माणूस आपसूक दोन पावलं मागे येतो. डिजिटलमध्ये शेवटपर्यंत आवाज स्वच्छ असतो, मग अक्षरं तुटतात आणि पुढच्या पावलाला काहीच नाही. लोखंडी रॅकच्या टोकाच्या गल्लीत आम्हाला हे रोज दिसतं. तिथे जमिनीवर पिवळा पट्टा मारून ठेवला आहे. बेसमेंटच्या पंपरूममध्ये तर कोणताही सेट चालला नाही. तिथे लीकी फीडर, म्हणजे ठिकठिकाणी सिग्नल झिरपू देणारी केबल टाकून घेतली, तेव्हा कुठे आवाज पोचला.

शीतगृहाच्या भिंती पत्र्याच्या सँडविच पॅनेलच्या, दार लागलं की सिग्नल निम्म्यावर. उणे २० अंशांत लिथियम-आयन बॅटरीची क्षमता बरीच घटते. सेट जाकिटाच्या आत ठेवायचा आणि स्पीकर-माइक कॉलरला लावायचा, हा उपाय चांगला लागू पडला. गार बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही. शून्याखालच्या तापमानात चार्ज केली तर ती कायमची खराब होते. बाहेर आल्यावर सेटवर दव धरतं, ते सुकू द्यायचं. हातमोजे घालून दाबता येईल असं मोठं बटण आणि वर गोल फिरणारा चॅनेलचा खटका, या दोन गोष्टींवर मी इथलं मॉडेल निवडलं. स्क्रीनकडे कोणी बघतही नाही.

हॉटेलात सगळं उलटं. इथे सेट दिसू नये आणि ऐकू येऊ नये, फक्त ज्याचा त्याला. छोटा, हलका सेट आणि पारदर्शक नळीचा इअरपीस. इअरपीसचं कानात जाणारं टोक प्रत्येकाचं स्वतःचं असायला हवं. शिफ्ट बदलताना दुसऱ्याचं टोक कानात घालायला लोक नाखूश असतात, ते रास्तच आहे, आणि मग इअरपीस खिशात राहतो. पाहुण्यांची नावं रेडिओवर घ्यायची नाहीत, खोलीचा नंबरही शक्यतो सांकेतिक. सीटीसीएसएस टोनला, म्हणजे बोलण्यासोबत जाणाऱ्या, ऐकू न येणाऱ्या खुणेच्या सुराला, काही जण खासगी चॅनेल म्हणून विकतात. त्या टोनमुळे तुम्हाला शेजारच्यांचं बोलणं ऐकू येत नाही, पण त्यांना तुमचं ऐकायला काहीच आडकाठी नसते. गुप्तता हवी तर डिजिटल एन्क्रिप्शनच हवं.

हॉस्पिटलसाठी बरेच जण विचारतात, म्हणून एवढंच. वैद्यकीय उपकरणांच्या आयईसी ६०६०१-१-२ या मानकात रेडिओलहरींनी उपकरण बिघडत नाही ना, याची ४५० मेगाहर्ट्झच्या आसपासची चाचणी २ वॅटचा सेट ३० सेंटिमीटरवर आहे असं धरून बेतलेली आहे. ४ वॅटचा सेट व्हेंटिलेटरशेजारी धरून बोलू नका. कमी ताकदीचा सेट आणि इमारतीत नीट पसरवलेल्या अँटेना, हाच तिथला मार्ग.

केमिकल प्लांटवर निवडीला वावच नाही. जिथे ज्वलनशील वाफ असू शकते तिथे इंट्रिन्सिकली सेफ सेटच, म्हणजे आत बिघाड झाला तरी वाफ पेटवण्याइतकी ठिणगी किंवा उष्णता निर्माण होणार नाही अशी रचना. एटेक्स (युरोपातलं) किंवा आयईसीईएक्स (आंतरराष्ट्रीय) हे स्फोट-सुरक्षेचं प्रमाणपत्र आपल्या झोनला, म्हणजे धोक्याच्या श्रेणीला, आणि वायूच्या गटाला जुळतं का, ते सेफ्टी ऑफिसरसोबत बसून तपासा. प्रमाणपत्र सेट, बॅटरी आणि माइक या जोडणीचं असतं. दुसऱ्या कंपनीची बॅटरी लावली की ते गेलं. धोक्याच्या भागात बॅटरी काढायची नाही, आणि दुरुस्ती फक्त अधिकृत ठिकाणी. यातल्या बऱ्याच सेटची ताकद मुद्दाम १ वॅटच्या आसपास ठेवलेली असते, त्यामुळे रिपीटरशिवाय भागत नाही. एकट्याने फेरी मारणाऱ्यासाठी "मॅन डाउन" सोय चालू केली आहे: सेट आडवा होऊन ठरावीक वेळ हलला नाही की कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजतो. पण तो अलार्म कोण ऐकणार आणि ऐकून काय करणार, हे आधी कागदावर हवं. नारिंगी इमर्जन्सी बटणाचंही तेच. अनेक सेटमध्ये ते प्रोग्रॅम केल्याशिवाय काहीच करत नाही.

आता बॅटरी. कंपनी जे तास छापते ते बहुधा ५-५-९० या हिशोबाने: ५ टक्के बोलणं, ५ टक्के ऐकणं, ९० टक्के नुसतं चालू. रात्रीच्या पहारेकऱ्याला तो हिशोब लागू पडतो. गोदामातल्या डिस्पॅच सुपरवायझरचं तोंड दिवसभर बंद नसतं, त्याची बॅटरी शिफ्टच्या आतच मान टाकते. त्याला जादा बॅटरी द्याच. प्रत्येक बॅटरीवर वापर सुरू केल्याची तारीख मार्करने लिहून ठेवा. कोणती थकली ते ओळखायला त्याचा फार उपयोग होतो.

इतक्या महिन्यांत सेट स्वतः फारसे बिघडले नाहीत. तुटल्या त्या पट्ट्याच्या क्लिपा, आणि इअरपीसची वायर प्लगच्या गळ्याशी. या दोन गोष्टींचा साठा सेटबरोबरच मागवा. प्रोग्रॅमिंगची फाइलही, म्हणजे सेटमध्ये भरलेल्या चॅनेल आणि सेटिंग्जची, विक्रेत्याकडून लेखी मागून घ्या. एका विक्रेत्याने ती देण्यासाठी आमच्याकडून खूप हेलपाटे घालून घेतले, आणि तोवर एक चॅनेल बदलायचं साधं कामही अडलं होतं.

सिमवर, म्हणजे मोबाइलच्या नेटवर्कवर चालणारे सेट आम्ही फक्त शहरभर फिरणाऱ्या गाड्यांना दिले. अंतराची चिंता मिटते, पण मोबाइलचं नेटवर्क नसलं की सेट मुका होतो. आग किंवा आपत्तीत ज्यांनी बोलायचंच आहे, त्यांच्या हातात तो देऊ नये.

डेमो घ्याल तेव्हा विक्रेत्याच्या माणसाला लॉबीत "आवाज येतोय का" करू देऊ नका. दोन सेट पूर्ण शिफ्टभर मागून घ्या, एक रोज ते काम करणाऱ्याच्याच हातात द्या आणि त्याला लिफ्टमध्ये, बेसमेंटमध्ये, सगळ्यात गोंगाटाच्या मशीनपाशी उभं करून आकडे वाचायला लावा. पलीकडच्याने ऐकलेले आकडे लिहून घ्यायचे. शिफ्टच्या शेवटच्या तासात पुन्हा तेच करा, मग दोन्ही कागद शेजारी ठेवून ऑर्डर द्या.